लेकीला पॅरामेडिकलला घालताय? फी भरण्याआधी एवढं विचारा

बारावीचा निकाल लागला की कल्याण स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकलं तरी जाहिरातींच्या पाट्या अंगावर येतात. 'पॅरामेडिकल प्रवेश सुरू', 'शंभर टक्के नोकरी', 'मर्यादित जागा'. डोंबिवलीला, ठाण्याला तेच. एसटीतून उतरलेली मुरबाडची बाई आणि लोकलमधून उतरलेली शहापूरची बाई, दोघींच्या हातात तोच कागद पडतो. पाठीमागे लेक उभी असते, तिच्या हातात बारावीची गुणपत्रिका असते. म्हणून आज आम्ही याच विषयावर बोलायचं ठरवलं.

सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीच्या लेकीला बारावी सायन्सला बरे गुण पडले. घराजवळ, फी कमी आणि तीन वर्षांत पदवी, असं ऐकून तिला एका संस्थेत घातलं. पहिल्या वर्षीचे पैसे गटातून कर्जाने दिले, पुढचे दागिने गहाण टाकून. तेव्हा गटातल्या आम्ही सगळ्यांनी होकार दिला, सह्या केल्या. कागद मात्र आमच्यातल्या एकीनेही वाचला नाही. तीन वर्षांनी मुलगी मुलाखतीला गेली तेव्हा तिला नोंदणी क्रमांक विचारला. तो तिच्याकडे नव्हता आणि मिळण्यासारखाही नव्हता. हातात आलेली पदवी परराज्यातल्या विद्यापीठाची, घरी बसून शिकायच्या पद्धतीची होती. आज ती एका ठिकाणी पावत्या फाडायचं काम करते. मुलगी हुशार आहे, तिने अभ्यासही केला. चुकलो आम्ही मोठ्या माणसांनी. 'आमचं सांगा, पण नाव घेऊ नका,' असं तिच्या आईनेच आम्हाला सांगितलं.

म्हणून आजच्या बोलण्याचं सार आधीच सांगून टाकतो. जिची फी कमी ती पदवी स्वस्त, असं समजू नका. शेवटी जिच्यामुळे नोंदणी होते आणि हाताला काम येतं, ती पदवी स्वस्त. हे ओळखायला चार प्रश्न पुरतात. पदवी कोण देतं? हात कुठे शिकणार? जागा कोणत्या कोट्यातली? शेवटच्या दिवसापर्यंत एकूण खर्च किती? हे चारही प्रश्न पहिला रुपया देण्याच्या आधी विचारायचे.

पॅरामेडिकल म्हणजे नेमकं काय

डॉक्टर आणि नर्स यांच्याशिवाय दवाखान्यात जी शिकलेली माणसं काम करतात त्यांना आपण पॅरामेडिकल म्हणतो. कागदोपत्री हल्ली 'सहयोगी आरोग्यसेवा' असा शब्द येतो. यात दोन तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा उपचार करणाऱ्यांची. पक्षाघातानंतर हातपाय हलवायला शिकवते ती फिजिओथेरपिस्ट. हाताला पुन्हा जेवण करणं, बटण लावणं, रोजची कामं शिकवते ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट. कमी ऐकू येणाऱ्या, बोलताना अडखळणाऱ्या मुलांसाठी काम करते ती ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट. कृत्रिम हातपाय, कॅलिपर बनवून बसवणारे वेगळे. या पदव्यांची नावं बीपीटीएच, बीओटीएच, बीएएसएलपी आणि बीपीओ. त्यांना साधारण चार ते पाच वर्षं लागतात, त्यात इंटर्नशिप धरलेली असते.

दुसरी तऱ्हा तंत्रज्ञांची. रक्त-लघवी तपासणारी लॅब टेक्निशियन, एक्स-रे आणि सीटी स्कॅन काढणारी, ऑपरेशन थिएटरमध्ये तयारी करणारी, भुलीच्या डॉक्टरांना मदत करणारी, डायलिसिसचं मशीन चालवणारी, रक्तपेढीत काम करणारी, प्लास्टर घालणारी. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठात या कामांसाठी बीपीएमटी नावाची पदवी आहे. तीन वर्षांचं शिक्षण आणि त्यापुढे इंटर्नशिप.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. 'ओटी' या दोन अक्षरांचे दोन अर्थ आहेत. ओटी टेक्निशियन म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली तंत्रज्ञ, तर बीओटीएचमधली ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. कामं वेगळी, प्रवेश वेगळे. 'ओटीला प्रवेश देतो' असं कुणी म्हटलं तर 'कोणती ओटी?' असं आधी विचारा.

ही कामं आपल्या भागाला नवी नाहीत. ऑक्युपेशनल थेरपी शिकवणारी देशातली पहिली शाळा कमला निंबकर यांनी १९५० साली परळच्या केईएम रुग्णालयात सुरू केली. फिजिओथेरपीचं शिक्षणही देशात आधी तिथेच, त्याच दशकाच्या सुरुवातीला सुरू झालं. आपल्या मध्य रेल्वेच्याच मार्गावर, परळ स्टेशनला उतरून चालत जाण्याइतकं ते जवळ आहे. तेव्हा 'हे शिक्षण आपल्यासारख्यांसाठी नाही' असं मनात आणू नका.

पहिला प्रश्न: पदवी कोण देतं

कॉलेज पदवी देत नाही, विद्यापीठ देतं. म्हणून पाटीवरचं कॉलेजचं नाव कितीही मोठं असलं तरी पहिला प्रश्न हाच: विद्यापीठ कोणतं?

महाराष्ट्रातली आरोग्य शिक्षणाची बहुतेक कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ १९९८ साली झालं. त्याच्या संकेतस्थळावर संलग्न कॉलेजांची यादी असते. कोणत्या कॉलेजात कोणता अभ्यासक्रम आणि किती जागा, हे त्यात पाहता येतं. गावातल्या सेवा केंद्रावर किंवा कॉलेजात जाणाऱ्या कुणाही मुलाच्या मोबाइलवर पाच मिनिटांत दिसतं. कॉलेजचं नाव यादीत असणं पुरेसं नाही. आपल्याला हवा तो अभ्यासक्रम त्या नावासमोर असायला हवा.

याशिवाय अभिमत विद्यापीठं असतात. त्यांना आपली पदवी स्वतः देण्याचा अधिकार असतो. नवी मुंबईत नेरुळचं डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचं एमजीएम ही अशी विद्यापीठं आहेत. त्यांची पदवी वैध आहे. पण फीचं आणि सवलतीचं गणित तिथे वेगळं असतं, ते पुढे सांगतो.

पदवीनंतर नोंदणी लागते. २०२१ साली केंद्र सरकारने या सगळ्या कामांसाठी कायदा केला. त्याने राष्ट्रीय आयोग आणि राज्य परिषदा यांची व्यवस्था आणली. अभ्यासक्रमाचे तासही कायद्यात लिहिले आहेत. तंत्रज्ञांच्या पदविका-पदवीसाठी दोन ते चार वर्षांत किमान २००० तास आणि उपचार करणाऱ्यांच्या पदवीसाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३६०० तास. सहा महिन्यांत 'टेक्निशियन' करून देतो म्हणणाऱ्याची पाटी या मापाने मोजा.

महाराष्ट्रात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी २००२ च्या कायद्याने वेगळी राज्य परिषद आहे. बीएएसएलपी आणि कृत्रिम अवयवांच्या अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता पाहावी लागते. कॉलेजात गेल्यावर थेट विचारा, 'इथून पास झालेल्या मुलीची नोंदणी कुठे होते? मागच्या वर्षीच्या एखाद्या मुलीची झाली आहे का?' उत्तर देताना समोरचा अडखळला तर उठून या.

आणि घरी बसून, पत्राने किंवा ऑनलाइन मिळणारी आरोग्यसेवेची पदवी नकोच. २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने या अभ्यासक्रमांना दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले आहेत. सुई टोचायला, सांधा हलवायला पुस्तकातून शिकता येत नाही, हे तर आपल्यालाही कळतं.

दुसरा प्रश्न: हात कुठे शिकणार

चांगलं कॉलेज कसं ओळखायचं? इमारतीच्या काचा पाहू नका, रुग्ण पाहा. स्वयंपाक पुस्तकातून येत नाही, चुलीपुढे बसावं लागतं. तसंच हे. ज्या मुलीने शिकताना शंभर रुग्णांचं रक्त काढलं ती आणि जिने पाच जणांचं काढलं ती, दोघींच्या पदवीचा कागद सारखाच. हात मात्र वेगळे.

म्हणून विचारा: कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय आहे का? नसेल तर कोणत्या रुग्णालयाशी करार आहे आणि मुलींना तिथे कसं नेतात? कितव्या वर्षापासून रुग्णांपाशी उभं राहायला मिळतं? लॅबचा अभ्यासक्रम असेल तर तिथली लॅब रोज चालते का? एक्स-रेचा असेल तर सीटी, एमआरआय आहे का? इंटर्नशिप कुठे होते आणि त्यात महिन्याला काही मानधन मिळतं का?

सरकारी आणि पालिकेची रुग्णालयं इथेच पुढे असतात. मुंबईत पालिकेच्या केईएम, सायन आणि नायर या तिन्ही ठिकाणी फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी शिकवतात. हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिक उपचार व पुनर्वसन संस्था आहे. वांद्र्याला ऐकणं आणि बोलणं यांच्या शिक्षणासाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. बीपीएमटी राज्यातल्या अनेक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत चालतं. अशा ठिकाणी फी कमी आणि रुग्ण भरपूर. जागा थोड्या असतात म्हणून गुण लागतात, पण अर्ज भरताना ही नावं यादीत सगळ्यांत वर ठेवायची. 'आपल्याला कुठे मिळणार' म्हणून आपणच ती सोडून देतो.

प्रवेशाआधी आणखी एक काम करा. मुलीला घेऊन कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात, डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयात, उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात किंवा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात जा. एक्स-रे, लॅब, फिजिओथेरपी या विभागांत काम करणाऱ्या ताई-दादांची सवड पाहून त्यांना विचारा: 'तुम्ही कुठे शिकलात? आता शिकायचं असतं तर कुठे गेला असता?' जाहिरातीच्या कागदापेक्षा हे उत्तर खरं. शिवाय मुलीला काम प्रत्यक्ष दिसतं. रक्त पाहून तिला घेरी येते की उत्सुकता वाटते, तेही तिथेच कळतं.

खोट्या आश्वासनांचंही बोलून टाकू. 'लॅबची पदवी घ्या आणि गावात स्वतःची लॅब टाका' असं सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे की तपासणीच्या अहवालावर पॅथॉलॉजी विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचीच सही लागते. म्हणजे लॅब टेक्निशियनला काम भरपूर आहे, पण एकटीने सही करून लॅब चालवता येत नाही. स्वतःचा व्यवसाय करायची इच्छा असेल तर फिजिओथेरपीसारखा मार्ग जास्त मोकळा आहे.

एक भीती उलटी आहे. 'एक्स-रेच्या कामाने मुलींना पुढे मूल होत नाही' असं गावात बोलतात. नियम पाळणाऱ्या ठिकाणी तंत्रज्ञ आडोशाच्या मागे उभी राहते. तिच्या अंगावर किरणं मोजणारा बॅज असतो आणि तो ठरावीक मुदतीने तपासायला जातो. ती गरोदर असेल तर तसं सांगायचं, म्हणजे कामाची जागा बदलून घेता येते. पाहणीला जाल तेव्हा एवढंच बघा, तिथल्या माणसांच्या अंगावर तो बॅज आहे का.

तिसरा प्रश्न: जागा कोणत्या कोट्यातली

मैत्रिणींनो, आता जरा नीट लक्ष द्या. सगळ्यांत जास्त पैसा इथे वाचतो आणि इथेच बुडतो.

एकाच कॉलेजात, एकाच वर्गात दोन तऱ्हांनी मुली बसतात. एक, राज्याच्या सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून आलेली. तिला सगळे 'कॅप राउंड' म्हणतात. दुसरी, व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर थेट आलेली. शिक्षण दोघींचं तेच. सवलत मात्र सारखी नाही.

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. २०२४-२५ या वर्षापासून हे लागू झालं. पण अट अशी की प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोटा आणि संस्था स्तरावरचे प्रवेश यात बसत नाहीत. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही बसत नाहीत. आपला अभ्यासक्रम सवलतीच्या यादीत आहे, हे महाडीबीटीच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या मुलींसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलींसाठी स्वयम् योजना आहे. आपल्या भागातल्या आदिवासी मैत्रिणींनी शहापूरच्या प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी.

आता यातला फास समजून घ्या. जून महिन्यात फोन येतो, 'ताई, जागा संपत आल्या, आजच पंचवीस हजार भरा आणि जागा पक्की करा.' आपण घाबरून भरतो. ती जागा थेट प्रवेशाची असते. पुढे फेरी सुरू होते, लेकीला तिच्या गुणांवर सवलतीची जागा मिळाली असती, पण पैसे अडकलेले असतात म्हणून आपण तिकडे वळत नाही. आजच पैसे मागणाऱ्याला एकच उत्तर द्यायचं: 'आम्ही फेरीतून येणार.' लेकीचे मूळ दाखलेही कुणाच्या हाती ठेवायचे नाहीत.

फेरीत जायचं तर तयारी आधीपासून लागते. बीपीटीएच, बीओटीएच, बीएएसएलपी आणि बीपीओ यांच्या राज्य फेरीसाठी नीट परीक्षा दिलेली असावी लागते. 'नीट म्हणजे फक्त एमबीबीएसवाल्यांची' असं समजून आपल्या कितीतरी मुली फॉर्मच भरत नाहीत आणि दार आपोआप बंद होतं. फॉर्म साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निघतो, परीक्षा मे महिन्यात असते. बीपीएमटीची वाट वेगळी आहे, त्याची त्या वर्षाची जाहिरात स्वतंत्र पाहायची. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे तिन्ही विषय हवेत. म्हणजे दहावीनंतर शाखा निवडतानाच हा विचार व्हायला हवा.

आणि दाखले! जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास. जात वैधतेला महिनोन्महिने लागतात. अकरावीतच अर्ज करा. गुण असूनही एका कागदासाठी जागा गेली, असं आपल्या पाड्यांवर व्हायला नको.

चौथा प्रश्न: एकूण खर्च किती

कॉलेजवाला पहिल्या वर्षाची फी सांगतो. आपण शेवटच्या दिवसापर्यंतचा हिशेब मांडायचा. समजुतीसाठी एक उदाहरण घेऊ. आकडे मनाने धरलेले आहेत.

पहिलं कॉलेज घराजवळ. फी वर्षाला ७० हजार, तीन वर्षं. झाले २ लाख १० हजार. दुसरं कॉलेज लांब. फी वर्षाला १ लाख २० हजार, चार वर्षं. ४ लाख ८० हजार. ऐकताच आपण म्हणतो, पहिलंच बरं.

आता समजा दुसऱ्या कॉलेजात मुलगी केंद्रीय फेरीतून गेली आणि १ लाख शिक्षण फी माफ झाली. राहिले वर्षाला २० हजार, चार वर्षांचे ८० हजार. पास, डबा, पुस्तकं, पांढरा कोट यांचे महिन्याला ३ हजार धरा. ४८ महिन्यांचे १ लाख ४४ हजार. एकूण २ लाख २४ हजार. पहिल्या कॉलेजपेक्षा फक्त १४ हजार जास्त, तेही पहिल्यात डबा-पुस्तकं धरलेली नसताना. आणि पहिल्या कॉलेजच्या पदवीने नोंदणीच होत नसेल तर ते २ लाख १० हजार आणि मुलीची तीन वर्षं, दोन्ही पाण्यात. असा हिशेब प्रत्येक कॉलेजचा वेगळ्या पानावर मांडा.

खाजगी विनाअनुदानित कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. ठरलेल्या फीपेक्षा जास्त मागितली तर लेखी मागा. देणगी घेणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. पावतीशिवाय एक पैसा द्यायचा नाही.

प्रवासही खर्चातच धरा, पैशाचा आणि शरीराचाही. कसाऱ्याहून सीएसएमटी सुमारे १२० किलोमीटर. जाऊन-येऊन पाच तास. रुग्णालयातलं काम सकाळी लवकर सुरू होतं. एखादी मुलगी हे एक वर्ष ओढेल, चार वर्षं नाही. मुरबाडकडे तर रेल्वेच नाही. म्हणून वसतिगृहाची चौकशी प्रवेशाबरोबरच करायची. रेल्वेचा विद्यार्थी सवलतीचा पास मिळतो, त्यासाठी कॉलेजचं पत्र लागतं.

कर्ज घ्यायचंच झालं तर आधी बँकेचं शैक्षणिक कर्ज. ४ लाखांपर्यंत साधारणपणे तारण मागत नाहीत, आई किंवा वडील सहकर्जदार होतात. हप्ता शिक्षण संपून काही काळ गेल्यावर सुरू होतो. व्याज मात्र मधल्या काळातही चढतं, ते विचारून घ्या. आपल्या गटाचं कर्ज शेकडा दोन रुपये महिना असेल तर ते वर्षाला २४ टक्के झालं. चार वर्षांच्या फीसाठी ते परवडणार नाही. गटाचा पैसा फॉर्म, दाखले, पहिला पास, पुस्तकं अशा लहान आणि लगेच लागणाऱ्या खर्चासाठी ठेवा. दागिने तर शेवटी.

थोडं मनाचं

मराठी माध्यमातल्या मुली पहिल्या वर्षी घाबरतात. पुस्तकं इंग्रजी, शरीराच्या हाडांची नावं लॅटिन. पण ती नावं इंग्रजी माध्यमातल्या मुलींनाही नवीनच असतात. निकाल आणि प्रवेश यांच्या मधल्या दोन महिन्यांत रोज दहा शब्द पाठ केले तरी पाय रोवायला जागा होते.

पदवी जमत नसेल तर मान्यता असलेली पदविका हीसुद्धा सन्मानाची वाट आहे. मान्यता नसलेल्या पदवीपेक्षा ती कधीही चांगली. आणि कल्याण-डोंबिवली-ठाण्याच्या कॉलेजांतली साधी बीएस्सीही चांगलीच पदवी आहे. फक्त ती घेतली म्हणजे मुलगी आपोआप लॅब टेक्निशियन झाली, असं होत नाही. हे आधी माहीत असलं म्हणजे नंतर पश्चात्ताप होत नाही.

रात्रपाळीचंही घरात आधीच बोला. दवाखाना रात्री बंद होत नाही. शिकवून झाल्यावर 'रात्रीची नोकरी नको' म्हणून मुलीला घरी बसवायचं असेल तर एवढा खर्च कशासाठी? तिच्या बापाला, भावाला, उद्याच्या सासरच्यांना हे ऐकवायची जबाबदारी आपली.

आता आमची एक विनंती. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर पंधरा मिनिटं याच्यासाठी ठेवा. गटातल्या कुणाची लेक दहावी-बारावीला आहे, त्यांची नावं लिहा. चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा: पदवी कोण देतं, हात कुठे शिकणार, जागा कोणत्या कोट्यातली, एकूण खर्च किती. आणि ठराव करा की या चारही प्रश्नांची उत्तरं लेखी आल्याशिवाय गट कुणाच्याही फीसाठी कर्ज देणार नाही. कॉलेज पाहायला आईला एकटं पाठवू नका, गटातल्या दोघी सोबत जा. तिघी बायका वही घेऊन समोर बसल्या की बोलणाराही जरा जपून बोलतो.

आम्ही आमच्या गटात हा ठराव केला आहे. ज्या मैत्रिणीची गोष्ट सुरुवातीला सांगितली, तिची धाकटी यंदा अकरावीला आहे. तिच्या जात वैधतेचा अर्ज गेल्या महिन्यात भरला. अर्ज भरायला आम्ही चौघी गेलो होतो.